कंगव्याभोवतीचा कागद

तीर्थस्वरूप मामांना,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघा वाकत नाही, म्हणून पत्रातच). रक्तदाब कसा आहे? आजची गोळी घेतली असेल असं धरून पुढे लिहितो.

दहावीला मी आपटलो तेव्हा पोस्टमास्तरांच्या खुर्चीतून तुम्ही म्हणाला होतात, "हा जन्मभर भुसाच पाडणार!" पाडला, मामा. लाकडी कंगवे करून पाडला, आणि आज ऑनलाइन बाजारात माझा कंगवा पहिल्या पानावर आहे.

गेल्या वर्षी मात्र दुकान बसायच्या बेतात होतं. मी कंगवे फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवायचो. एका बाईंनी पाचांपैकी एकच स्टार देऊन लिहिलं, "कंगवा लाकडाचा आणि अंगावर प्लास्टिक?" मी सरळ त्यांना फोन लावला आणि तासभर नुसता ऐकत राहिलो (कान माझे लहानपणापासून तिखट, तुम्हीच ते पिळून तयार केलेत). तेव्हा ही निसर्गप्रेमी गिऱ्हाईक मंडळी कळली. ती आधी पार्सल वाचतात, मग वस्तू बघतात. भावावरून घासाघीस नाही, पण चिकटपट्टी कशाची हे विचारल्याशिवाय राहत नाहीत. आपण मोठ्या अक्षरांत 'निसर्गस्नेही' छापलं, तर संशय दुप्पट!

प्लास्टिक बंद केलं. भुशात पाठवले, तर डोक्यात कोंडा झाल्याच्या तक्रारी. नव्या पुठ्ठ्यात पाठवले, तर "झाड कुठलं तोडलंत?" शेवटी तुमच्या भाचेसुनेने माळ्यावरून जुन्या कागदांची ट्रंक काढली. पिवळा, मऊ, लिहून झालेला कागद. मामा, स्टारांचा पाऊस! एकाने तर लिहिलं, "कंगवा हरवला, कागद जपलाय." इतकं गिऱ्हाईक ओळखणारा आपल्या घराण्यात मी पहिलाच.

आपला,
भुसा पाडणारा भाचा

ता. क. ती ट्रंक घर बदलताना तुम्ही माझ्याकडे ठेवली होतीत. होय, तुमच्या आत्मचरित्राचीच. पण अकरा वर्षं प्रकाशक मिळत नव्हता, आता ते तीनशे घरांत पोचलंय. तेही पोस्टाने.

आणखी एक. पान एकशे बारा ज्यांच्याकडे गेलं, त्या बाई रोज विचारतात, मामी शेवटी 'हो' म्हणाल्या का? ट्रंक संपली आहे आणि दोनशे कंगवे उघडे पडलेत. दुसरा भाग आजच लिहायला घ्या. शाई पक्की वापरा, मागच्या वेळी कंगव्यांना डाग पडले.