परवाना अल्बेनीच्या नावावर

९ जून, सोमवार

अल्बेनीच्या नावावर!

दरवर्षीसारखी सकाळी नऊला नगर कचेरीत गेले. काकवीची बिस्किटं नेली होती, आगीच्या वॉर्डनसाठी, रोझेरसाठी. तो नेहमीच्याच टेबलाशी, समोर जाळाच्या परवान्यांचं पुस्तक, मध्ये कार्बन. पुस्तक उघडलंच नाही त्याने.

"संत जॉनचा जाळ यंदा अल्बेनीने घेतलाय, एलोडी. परवाच सही करून गेली."

परवा! माझी सख्खी नणंद. तिचं घर, मागचा नदीकाठ, सगळं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. परवापासून दोनदा माझ्याकडे कॉफी पिऊन गेली, आणि एक शब्द नाही.

"तुला कशाचा देऊ? फांद्याबिंद्या जाळायच्यात का?"

फांद्याबिंद्या! बिस्किटं परत घेऊन आले.

१० जून

सदतीस वर्षं लियोनेलच्या नावावर होता तो परवाना. तो गेल्यावर तीन वर्षं माझ्या.

कपाटाच्या दाराला आतून त्याच्या अक्षरातला कागद अजून आहे. संध्याकाळी पाचच्या आधी पेटवायचं नाही. वारा असला तर मुळीच नाही. पाणी, फावडं हाताशी. टायर नाही, कचरा नाही, रंगवलेलं लाकूड नाही. आणि शेवटची ओळ, खाली दोन रेघा मारलेली — ज्याच्या नावावर परवाना, त्याने राख गार होईपर्यंत जागा सोडायची नाही.

ती ओळ म्हणजे आमचा संसार. संत जॉनच्या रात्री गाव जाळाभोवती नाचून घरी जायचं. आम्ही दोघं दोन उपड्या बादल्यांवर. समोर नदी, पलीकडे कॅनडातले दिवे. अधूनमधून लियोनेल हाताची पालथी बाजू राखेवर धरायचा आणि म्हणायचा, "अजून गरम आहे." थोडा खोटंच बोलायचा. मला कळायचं.

आता तिथे अल्बेनी बसणार.

१२ जून

रोझेरचा ट्रक तिच्या दारात. पावणेदहा ते अकरा. मी काही मोजत नव्हते. भांडी घासत होते, समोर खिडकी आहे, त्याला मी काय करू?

१३ जून

आजही. वीस मिनिटंच.

१५ जून, रविवार

चर्चमधल्या मिसानंतर सगळे नदीकाठी जाळाचा ढीग बघायला. तिचा तोरा काय! कंबरेच्या ऑपरेशनपासून काठी आली हातात, ती राजदंडासारखी धरते.

"अल्बेनी, यंदा ढीग चर्चपेक्षा उंच करतेस की काय!" कुणीतरी ओरडलं.

"फादरना सांगू नकोस, प्रायश्चित्त म्हणून जपमाळ ओढायला लावतील!"

सगळे खो खो. मग माझ्याकडे वळून — "काय गं, दात दुखतोय?"

"नाही."

"मग सिस्टरने गणिताचा पेपर परत दिल्यासारखं तोंड का केलंयस?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसले. जबडा अजून दुखतोय.

कॉन्व्हेंटमध्येही हेच. चुका दोघींच्या, ओरडा मला. तिच्या गालाला खळी पडायची ना! ननसुद्धा विरघळायच्या. आता रोझेर विरघळतोय. पंचावन्न वर्षं त्या खळीला मी पुरून उरले, आणि शेवटी लियोनेलची बादलीही तिलाच!

१८ जून

केलं.

सकाळी चालत गेले होते. ढिगाच्या मागच्या बाजूला तिच्या जुन्या खुराड्याचं दार खुपसलेलं. त्याच्या फळ्याही. सगळं रंगवलेलं! लियोनेल असता तर हाताने ओढून काढलं असतं आणि तिला चार शब्द सुनावले असते. मी घरी आले आणि वनखात्याच्या रेंजरच्या ऑफिसला फोन लावला. नाव सांगितलं नाही. तरुण आवाज होता, नम्र. "रंग कुठला, बाई?" तोंडातून निघून गेलं — मारियामातेच्या झग्यासारखा निळा. सिस्टर तसंच म्हणायच्या. दर मे महिन्यात मूर्तीला आम्ही मुलीच रंग द्यायचो. मी झग्याला, अल्बेनी पायाखालच्या सापाला.

फोन ठेवला तेव्हा बरं वाटत होतं. साधारण पंधरा मिनिटं.

१९ जून

कुट्टूची धिरडी केली. तव्यावर करपली. दोनदा.

२० जून, शुक्रवार

हिरवा ट्रक आला. खिडकीतून पाहिलं. रेंजर, अल्बेनी आणि रोझेर. रोझेर टोपी काढून डोकं खाजवत होता. ढीग त्यानेच पाहून पास केला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

दुपारी दुकानात कळलं. सोमवारी दुपारपर्यंत रंगवलेला प्रत्येक तुकडा बाहेर, नाहीतर परवाना रद्द. म्हणजे यंदा जाळच नाही. दुकानदार म्हणाला, "कुणाचं पोट दुखलं असेल हो?" मी बटाटे निवडत राहिले.

२२ जून, रविवार

सगळं गाव बारशाच्या जेवणाला. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. खिडकीतून पाहते तर अल्बेनी ढिगापाशी एकटी. काठी मातीत रोवलेली, एका हाताने ती धरून दुसऱ्याने फांद्या ओढतेय. अर्धा तास दम धरला. मग लियोनेलचे हातमोजे घेऊन गेले.

"डोकं दुखायचं राहिलं का?"

"राहिलं. सरक तिकडे, मोडशील पुन्हा."

दार आत अडकलं होतं. मी ओढलं, तिने फांद्या उचलून धरल्या. शेवटी मलाच राहवेना.

"माझं काय चुकलं होतं, अल्बेनी? परवाना का घेतलास?"

ती दारावरच बसली.

"तुला डॉर्मिटरीची खिडकी आठवते?"

आठवते! तेविसाच्या संध्याकाळी सिस्टर आम्हाला अंथरुणात घालायच्या. आम्ही दोघी खिडकीच्या कट्ट्यावर. खाली नदीकाठी जाळ, फिडल, फिरणारे घागरे.

"तू काय म्हणाली होतीस? मोठी झाले की मी तिथे पाय तुटेपर्यंत नाचणार. मग पाच वर्षं कनेक्टिकटच्या गिरणीत गेलीस. आलीस, आमच्या लियोनेलशी लग्न केलंस, आणि पहिल्याच वर्षी त्याने परवाना घेतला. चाळीस वर्षं त्या बादलीवर बसून आहेस तू! एकदा तरी नाचलीस? माझ्याच्याने आता नाचणं होत नाही. बसणं होतं. बसते मी. रोझेरला मीच सांगितलं, हिला नाचायला विचार. तर म्हणतो, नाही म्हणाली तर? दोनदा येऊन कॉफी प्यायला आणि धीर गोळा करत बसला, गाढव."

"मला आधी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर परवाना घेऊ दिला असतास?"

मी दार ओढत बाजूला नेलं. वर पाहिलं नाही.

फोनचं आज सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

२३ जून, सोमवार

वारा नाही. रोझेरने ढीग सगळीकडून पाहिला, पास. हिरवा घागरा इस्त्री केला. कमरेत घट्ट होतोय.

२४ जून

नाचले. सहा वेळा. रोझेर पायावर पाय देतो.

चौथ्या नाचात म्हणाला, "रेंजर सांगत होता, फोन करणारी बाई मजेशीर होती. रंग विचारला, तर म्हणे मारियामातेच्या झग्यासारखा निळा! शुक्रवारी अल्बेनीला सांगितलं, तर ती हसतच सुटली. मग म्हणाली, आमच्या गावात असं कुणी बोलत नाही, वरच्या गावातली असेल."

शुक्रवारी.

नाच संपल्यावर तिच्याकडे गेले. लियोनेलच्या बादलीवर बसली होती. दुसरी शेजारी उपडी मांडलेली. बसले.

तिने राखेवर हात धरला. म्हणाली, "अजून गरम आहे."