पहिल्या हाकेला

नाटे,
माघ वद्य तृतीया, शके १८५५

प्रिय सगुणा,

दोन घरांत एक दगडांचा गडगा, आणि पलीकडच्या बाईला टपालाने पत्र. हसू आलं ना? आलं असेल तर फार बरं. तुमच्या घराशी बोलायचं नाही, विस्तव-पाणी द्यायचं नाही, असं गावकीने ठरवलं. लिहायचं नाही असं कुणी म्हणालं नाही. बायकांना लिहिता येत असेल हे त्या शहाण्यांच्या ध्यानातच आलं नसावं. जैतापूरच्या शाळेत आपण दोघी एका पाटीवर शिकलो, ते आज कामाला आलं. गडग्यावरूनच पत्र टाकलं असतं, पण सासूबाई दिवसभर ओटीवर बसून असतात आणि मी जातीची भित्री. माझा भाऊ दादू उद्या रत्नागिरीला निघालाय, तो हे पाकीट तिथे टपालात टाकील.

आमच्या लेकीचं, काशीचं लग्न ठरलं. लांज्याचं स्थळ आहे, मुलगा शाळामास्तर. ही बातमी सांगायला एरवी मी हातातलं पीठसुद्धा न धुता तुझ्याकडे धावले असते. मी तुझ्याशी बोलले तर आम्हीही वाळीत पडू आणि स्थळ मोडेल, हे रोज मनाशी घोकते. देवळाचा जुना फणस कुणी मुळापासून तोडला ते तुझ्या घरधन्यांनी, आत्मारामभावजींनी, राजापूरच्या कोर्टात खरं सांगितलं, एवढाच तुमचा गुन्हा. तो तोडताना आमच्या घरातल्यांनीही पाहिलं होतं. ते गप्प बसले, म्हणून शिमग्याची पालखी आमच्या दारी येईल आणि तुमच्या दारावरून पुढे जाईल.

गणपतीनंतर तू करवंटी घेऊन विस्तव मागायला आलीस तो दिवस आठवतो? मी पाठ फिरवून झाडलेलं अंगण पुन्हा झाडत बसले. तू रागावली नाहीस. मला ऐकू गेलं नसेल असं वाटून आणखी मोठ्याने हाक मारलीस. पुढे तर तू तीन-तीनदा हाका मारू लागलीस. भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा, म्हणून तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं तुझ्या आईनेच आपल्याला शिकवलेलं. तू माणूस आहेस हे आम्हाला कळावं म्हणून तू तीनदा हाक मारत होतीस. मी दाराआड उभी राहून तिन्ही ऐकायची आणि पदर तोंडात धरायची.

परवा पाणंदीत सखूला आडवी जाऊन तू विचारलंस, “मी मेलंय काय गो? कोणच ओ देत नाय.” सखू घागर टाकून पळाली आणि सांजेपर्यंत गावभर झालं की सगुणाला वेड लागलं. आता तू माजघरातून बाहेर येत नाहीस. मेलेल्या माणसाला भात कशाला, म्हणून ताट सारतेस. मला सगळं ऐकू येतं. भावजी तुला समजावताना रडतात, तेही ऐकू येतं. सोमवारच्या आगबोटीने ते तुला रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात नेणार आहेत. तिथे औषध लागू पडलं तर जरूर घे, त्यात कमीपणा नाही. पण सहा महिने कुणी ओ दिली नाही तर माणसाला दुसरं काय वाटणार? मलासुद्धा हेच वाटलं असतं. भीती वाटते ती ही, की तिथेही तू हेच धरून बसशील आणि खरं काय ते तुला कुणीच सांगणार नाही.

ते खरं सांगायला हे पत्र. सगुणे, तू मेलेली नाहीस. तुझी एकूण एक हाक मला ऐकू आली आणि मी जाणूनबुजून गप्प राहिले. पत्र शनिवारपर्यंत तुला मिळेल. त्या दिवशी तिन्हीसांजेला गडग्यापाशी ये. सासूबाई ओटीवर असतील, पाणंदीत माणसं असतील, असू देत. काशीला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण तू ये. तीनदा हाक मारू नकोस, एकदाच मार. मी पहिल्या हाकेला ओ देईन.

तुझीच, गडग्याअलीकडची,
हौसा