दोन बोटं उंच ओटा

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पुस्तकबांधणी, आता निवृत्त, राहणार गेली त्रेचाळीस वर्षे याच घरात, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. हृदयाची एक झडप थकली आहे, ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, म्हणून ही घाई. डोकं मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिलाय, तो सोबत जोडला आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, थोडक्यात लिहा हं." मी म्हटलं, बाई, जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, आता स्वतःची चार पानं लिहिते तर लिहू द्या की.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असल्याचं कोणी म्हणालं तर ते खोटं समजावं.

मला वारस तीन. पती, ज्यांना सगळी वस्ती मिस्त्री म्हणते आणि मीही मिस्त्रीच म्हणते, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम. मुलगा एक. आणि सून, जिला कायदा वारस धरत नाही पण मी धरते. मिस्त्रींना गेल्या तीन वर्षांपासून विसर पडतो. आधी नावं गेली, मग दिवस, मग जेवलो की नाही ते. हे सगळं मृत्युपत्र खरं म्हणजे त्यांच्यासाठी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

कलम पहिले. घर.

बाहेरची एक खोली, आत स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर, वर माळा. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा निम्मा हिस्सा मी मिस्त्रींना त्यांच्या हयातीपर्यंत देत आहे. त्यांच्यामागे संपूर्ण घर मुलाचं.

हे घर आम्ही नाइलाजाने घेतलं, असा समज नातेवाइकांत आहे. तो या कागदाने कायमचा दूर व्हावा. लग्न ठरलं तेव्हा आम्ही तीन घरं पाहिली. दोन मोठी होती आणि कर्ज काढून मिळण्यासारखीही होती. मिस्त्रींची पाहायची रीत वेगळी. मला आतल्या खोलीत उभं करायचे, स्वतः पुढच्या दारात थांबायचे आणि म्हणायचे, "बोल काहीतरी, नेहमीच्या आवाजात." पहिल्या दोन घरांत त्यांना काही ऐकू आलं नाही. इथे मी पुटपुटले, "पायात खडा गेलाय," तर ते दारातून म्हणाले, "मग झटक ना!"

दलाल हसला. मिस्त्री त्याला म्हणाले, "मोठ्या घरात ओरडून बोलावं लागतं. ओरडायची सवय लागली की माणसं भांडतात. आणि हप्ते फेडायला दोघांना उशिरापर्यंत राबावं लागलं, तर घरात बोलायला असणार कोण?" घर पक्कं झालं. नवरा त्याच्या आदल्या महिन्यातच पक्का केला होता, पण खरा पसंत पडला तो त्या दिवशी.

आम्ही दोघंही उजेड असताना घरी यायचो. मुलाला शाळेतून आल्यावर कुलूप कधी दिसलं नाही. याला मी श्रीमंती म्हणते. कोणाला म्हणायची नसेल तर त्यांनी म्हणू नये.

कलम दुसरे. मिस्त्रींना या घरातून हलवू नये.

मुला, हे तुझ्यासाठी आहे, म्हणून सावकाश वाच. तू म्हणतोस, "आई, तुझ्यामागे बाबा त्या काडेपेटीत कसे राहतील? माझ्याकडे त्यांना वेगळी खोली आहे, लिफ्ट आहे." तुझा जीव तुटतो म्हणून म्हणतोस, ते मला कळतं. पण मागच्या वर्षी मी दवाखान्यात असताना पंधरा दिवस ते तुझ्याकडे होते, ते आठव. सुनेने बिचारीने दारादारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ते चिठ्ठी मोठ्याने वाचायचे, "न्हाणीघर", आणि पुढे निघून जायचे. चौथ्या दिवशी दुपारी टोपी घालून, पिशवी खांद्याला लावून ते तुझ्या लांबलचक बोळात उभे राहिले आणि तुला म्हणाले, "मालक, काम झालंय. आता मला घरी जाऊ द्या. बायको वाट बघत असेल."

हे सांगताना तू माझ्या खाटेशी बसून रडलास. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. आज कागदावर आलं, आईला माफ कर.

अरे, जन्मभर ते मोठ्या घरांत गेले ते फक्त कामाला. मोठं घर म्हणजे परक्याचं घर, हे त्यांच्या हाडात मुरलंय. तुझ्याकडे ठेवलंस तर ते रोज काम संपवतील आणि रोज सुट्टी मागतील. इथे तसं नाही. इथे त्यांना काही आठवावं लागत नाही. उजवा हात लांब केला की साखर, डावा केला की दिवा, चार पावलांवर न्हाणीघर. मेंदू विसरलाय, पण हातपाय विसरलेले नाहीत. म्हणून घरातली कुठलीही वस्तू हलवू नये. सुनेला आवराआवरीची हौस आहे, तिने ती कृपया स्वतःच्या घरी भागवावी. आवडती आहे म्हणून हक्काने सांगते.

कायम ठेवा असंही म्हणत नाही. माळ्याची तुळई, ती आडवी लाकडी वासळी, फार ठेंगणी बसली आहे, स्वयंपाकघरात जाताना मिस्त्री आपोआप मान वाकवतात. तूही वाकवतोस. ज्या दिवशी त्यांचं डोकं तुळईवर आपटेल, त्या दिवशी समज की हे घरही त्यांच्यातून गेलं. मग खुशाल तुझ्याकडे ने, आणि ते मालक म्हणाले तर ओ दे.

कलम तिसरे. ठेव.

बँकेत माझ्या नावावर मुदत ठेव आहे. पावती डब्यात नाही, कपाटात नाही, माझ्या शिलाईच्या जाड नोंदवहीच्या पुठ्ठ्यात आहे. पुठ्ठा अलगद सोडवावा, फाडू नये. या ठेवीतून मिस्त्रींजवळ रात्रंदिवस राहायला दोन माणसं पाळीपाळीने ठेवावीत. माणसं निवडायचं काम शेजारच्या नर्सताईंकडे दिलं आहे, त्यांनी होकार दिलाय. घर लहान घेतलं, कर्ज डोक्यावर घेतलं नाही, म्हणूनच ही ठेव उरली. ते लहान घरच आता त्यांना सांभाळणार आहे.

ठेवलेल्या माणसांना एक सूचना. मिस्त्री दिवसातून दहा वेळा तक्रार करतील की करवत चालत नाही. ती मी मागच्या वर्षी मुद्दाम बोथट करून आणली आहे. "हो ना, हल्लीचं लोखंडच असलं," एवढं म्हणावं. त्यांचं समाधान होतं. बाकी हत्यारं त्यांची आहेत, ती वाटून टाकणारी मी कोण?

कलम चौथे. थोरल्या जाऊबाई.

जाऊबाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन्ही खोल्या बघून म्हणाल्या, "छान आहे हो. बाकीच्या खोल्या कुठायत?" लोक हसले. मिस्त्रीही हसले, मी नाही हसले. पुढे त्यांचं स्वतःच्या सुनेशी बिनसलं आणि तीन मजली घर सोडून त्या आमच्याकडे आल्या. चार दिवस म्हणून आल्या, चार महिने राहिल्या. बाहेरच्या खोलीतल्या घडीच्या खाटेवर त्यांना छान झोप लागायची, घोरायच्याही. बाकीच्या खोल्या सापडल्या का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. पण मनात ठेवलं, हे कबूल करते.

तर ती घडीची खाट मी जाऊबाईंना देत आहे. खाट इथेच राहील, त्यांनी हवं तेव्हा येऊन झोपावं. त्या सून होऊन आल्या तेव्हा मिस्त्री शाळकरी पोर होते, म्हणून त्या त्यांच्या लहानपणच्या गोष्टी बोलतात तेव्हा मिस्त्रींना पुष्कळ काही आठवतं. माझा राग या कलमाबरोबर संपला.

सुनेला माझी बांधणीची अवजारं, दाभण, सुया, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी आणि मेणाचा दोरा. ती चिठ्ठ्या चिकटवते, त्यापेक्षा शिवलेलं टिकतं. तिचा हात चांगला आहे, मी पाहिलाय. हे वेगळं कलम करायला हवं होतं, राहून गेलं.

कलम पाचवे. फळी.

हे कलम मिस्त्रींना वाचून दाखवू नये.

मिस्त्री घरातलं सगळं माणसाच्या मापाने करतात. टेप असते खिशात, पण आधी माणूस भिंतीशी उभा करतात आणि पेन्सिलने खुणा करतात. ओट्यासाठी मला उभं केलं आणि कोपरापाशी रेघ मारली. जमिनीवर विटांचे तुकडे, चुना, म्हणून मी चपला काढल्या नव्हत्या. नव्या, टाचेच्या. त्यांचं लक्ष माझ्या कोपराकडे, पायांकडे नव्हतं. ओटा दोन बोटं उंच झाला.

पहिल्याच आठवड्यात माझे खांदे भरून आले. पण सांगू कशी? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी काही केलं होतं आणि येईल त्याला ओटा दाखवत होते, "हिच्या मापाचा आहे!" मी खोक्याची एक उरलेली फळी पायाखाली घेतली. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "जमीन गार लागते हो." त्यांनी "बरं" म्हटलं. आमच्या संसारातलं माझं एवढंच खोटं, त्रेचाळीस वर्षं रोज दोन वेळा बोललेलं.

परवा या कागदासाठी घरातल्या वस्तू लिहून काढत होते. फळीही लिहावी म्हणून उचलली आणि उलटी केली. माझ्या फळीच्या कोपऱ्याला खिळ्याचं भोक होतं. हिला नव्हतं. ही खोक्याची फळी नव्हतीच, चांगलं जुनं लाकूड होतं. वरून तोच मळका रंग, आणि माझ्या पावलांनी पडलेले दोन खळगे जसेच्या तसे. ते झिजून पडलेले नव्हते, पटाशीने कोरलेले होते. खाली त्यांच्या चपट्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं:

"फळी तिसरी. जमीन गार नाही. ओटा उंच आहे, चूक माझी. तिला कळू द्यायचं नाही."

खाली तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे विसर पडायला लागल्यानंतरची. माझ्यासाठी नव्हतं ते लिहिलेलं. आपण विसरू आणि एखाद्या दिवशी बोलून जाऊ, ही भीती वाटली असेल, म्हणून स्वतःसाठी लिहिलं. मी फळी सुलटी करून होती तिथे ठेवली. इतकं प्रेम माझ्या पायाखाली होतं आणि मी रोज त्याच्यावर उभी राहून मीठ जास्त झालं का, एवढंच बघत होते.

तर फळी आहे तिथेच राहील. ओटा कमी करायला कोणी जाऊ नये. आणि मला कळलं, हे त्यांना कधी कळू देऊ नये.

सही थोडी हललेली दिसेल, तिचं कारण सहीच्या वर सोडलेल्या जागेत मागाहून नोंदवून ठेवते. टेबल दोन्ही साक्षीदारांनी अडवलं म्हणून मी सही करायला ओट्याशी उभी राहिले, फळी सोडून जरा बाजूला. डॉक्टरांना गाडीतून घेऊन आलेला मुलगा दारात या कागदाची नक्कल वाचत होता. मिस्त्री बाहेरच्या खोलीतून आले, तुळईखाली मान वाकवली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, फळीवर उभी राहा. जमीन गार असते."

मी म्हटलं, "हो हो, फार गार असते." आणि फळीवर उभं राहून सही केली.

स्थळ: आमचं स्वयंपाकघर. दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपारचे चार. साल वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

लिहून देणार: मिस्त्रींची बायको, पुस्तकबांधणीवाली. सही.

साक्षीदार एक: शेजारची नर्स. बाईंनी माझ्यासमोर, स्वतःच्या मर्जीने सही केली. सही.

साक्षीदार दोन: डॉक्टर. शुद्धीबद्दल खात्री केली आहे. नाडी जलद होती, पण कारण समजले. सही.

मुलाला वाटा मिळतो म्हणून त्याला साक्षीदार होता येत नाही, असं मी सांगितलं. तरी त्याने पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, ते तसंच ठेवलं आहे:

सगळं वाचलं. बाबा इथेच राहतील. जमीन गार आहे. — मुलगा.