तांबड्या पेशींचा आकार

ग्रोवोर, ३ मार्च १९९४

प्रिय सिग्रुन,

देवाच्या कृपेने हालवर आणि मी, दोघं बरी आहोत, तूही असशील. मागच्या आठवड्यात बोट दोनदा रद्द झाली म्हणून पत्राला उशीर. बर्फ अजून आहे, पण कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्यात. तुझे लोकरीचे मोजे विणून तयार आहेत. कुणी तिकडे येणारं मिळालं की पाठवते, टपालखर्च कशाला.

मुख्य लिहायचं ते असं, की दवाखान्यात रक्तपेशी मोजायचं यंत्र आलं आहे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तुझा जन्म गेला, तुला मी काय सांगणार. पण निवड माझी, म्हणून सांगते. दोन कंपन्यांची माहिती आली होती. हालवरने दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "मला डॉक्टर म्हणून आकडा हवा. तो कुठल्या डब्यातून येतो ते तुझं खातं." पहिलं यंत्र स्वस्त, पण त्याचं द्रावण मोठ्या कॅनमध्ये येतं. बूच उघडलं की दोन महिन्यांत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं. आमच्याकडे दिवसाला दोन-तीन जणांचं रक्त. अर्धा कॅन मोरीत गेला असता. मी महाग घेतलं, पण छोट्या बाटल्यांवर चालणारं. नळी सुईखाली धरली की ते थेंबभर रक्त ओढतं, कुरकुरतं, स्वतःला धुतं आणि कागदाची पट्टी बाहेर टाकतं. पूर्वी नळ्या बोटीने तुमच्याकडे पाठवून वाट बघत बसायचो. म्हातारी क्लारा पट्टी बघून म्हणाली, "म्हणजे आता मी मेले की नाही ते त्याच दिवशी कळणार." तिच्या पायांना मुंग्या येत होत्या. तांबड्या पेशी फुगलेल्या निघाल्या, बी-१२ जीवनसत्त्व कमी. लगेच इंजेक्शनं सुरू केली. यंत्राचे पैसे तिथेच फिटले असं मला वाटलं.

एक अडचण आहे. महिनाभर वापरून पटलं तर मी सही करायची असं ठरलंय. कंपनी पारखायला रक्ताची एक कुपी देते, तिचे आकडे आधीच छापलेले असतात. ती महाग पडते, म्हणून मी म्हटलं, जोडीला एखाद्या निरोगी माणसाचंही रक्त लावून पाहू. लावलं. तांबड्या पेशी फार मोठ्या आल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. हालवर म्हणतो यंत्रच मोठं दाखवतंय, कंपनीचा माणूस बोलावून आकडा खाली आणून घे. कुपीचा आकडा मात्र रोज बरोबर येतो. असं होऊ शकतं का? शिळं रक्त फुगतं असं वाचलं. नळी मी ताबडतोब लावली होती, पण तरी विचारते.

फोन नको करूस. फोन हालवरच्या खोलीत आहे आणि मधे उठवलेलं त्याला चालत नाही. सध्या त्याला झोप कमी पडते. संध्याकाळी नौकाघरात जाळी विणत बसतो. जाळी काही पुढे सरकत नाही, पण माणसाला एकांत लागतो. रविवारी प्रार्थनाघरात मुलांना दारूच्या दुष्परिणामांवर सांगितलं. चांगलं बोलला. अर्ध्यात थोडा थांबला, तेवढंच.

तुझी
बोर्गिल


ग्रोवोर, ११ मार्च

प्रिय सिग्रुन,

मी इतकं लिहिलं आणि तू एकच ओळ पाठवलीस. "रक्त कुणाचं होतं?"

हालवरचं.

तुला ते आधीच कळलं असणार. मधे तुमच्याकडे बी-१२ बघायला नाव न घालता एक नळी पाठवली होती, तीही त्याचीच. बी-१२ पुरेसं निघालं. मग मी त्याच्या पुस्तकात पेशी फुगायची कारणं काढली. दोन वाचली, तिसरं दारू असं वाचलं आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

तुझं पत्र आलं त्या सकाळी मी स्वतःचं रक्त लावलं. आकडा जिथे हवा तिथेच. हालवर दारात उभा होता.

"बघ," म्हणाला, "तुझं रक्त चांगलं आहे. यापुढे तुझंच लावत जा."

"म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही."

"बोर्गिल, गुरुवारी माणूस येतोय. त्याला सांग आणि विषय संपव."

आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही. पेपरमिंटचा वास येत होता, सकाळचे आठ वाजलेले.

काल कंपनीचा रीसे आला. भला माणूस. येताना बोट लागली होती, चेहरा पिवळा पडलेला. मी बटाट्याची पोळी आणि कॉफी दिली. मग त्याने यंत्राचं झाकण काढलं आणि शिंप्याने विचारावं तसं विचारलं, "किती खाली आणू?"

मी म्हटलं, "एकाचंच खाली येईल की सगळ्यांचं?"

"यंत्राला नावं कळत नाहीत, बाई. सगळ्यांचं."

बाहेर बाकावर क्लारा इंजेक्शनसाठी बसली होती, पाय चोळत. पुढच्या एखाद्या क्लाराच्या पेशी आम्ही कागदावर लहान करून तिला घरी पाठवणार. माप खोटं करू नये हे मी प्रार्थनाघरात पोरांना शिकवते.

"हात लावू नका," मी म्हटलं. "यंत्र बरोबर आहे."

हालवर म्हणाला, "बायको माझी शाळेच्या पुढे गेली नाही, पण रक्तातलं तिला सगळं कळतं."

रीसे हसला नाही. मी सही केली, त्याने झाकण बसवलं. निघताना दाराशी त्याने हळूच विचारलं, "डॉक्टर आजारी आहेत का?" मी म्हटलं, "हातमोजे विसरू नका, धक्क्यावर वारा आहे."

सही केल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. यंत्र खरं बोलतं, पण पट्टी वाचणारा हालवरच आहे. रीसे गेल्यावर क्लाराला सुई टोचताना त्याचा हात कापत होता. मी तिला कोंबड्यांचं काहीबाही विचारत राहिले, तिने खाली बघू नये म्हणून. हे मी किती दिवस करते आहे ते मला कालच कळलं. सुई काढेपर्यंत मी गप्प झाले नाही. तिला वाटलं मला गप्पांची हौस आहे.

वर कळवलं तर बेटाला डॉक्टर नाही आणि आम्हाला घर नाही. हे घर नोकरीबरोबर आहे. नाही कळवलं तर उद्या त्याच्या सुईखाली कुणाचा हात, कुणाचं मूल येईल. बाहेर पडावं तर रस्ता धक्क्यापाशी संपतो, आणि धक्क्यावर जो तो विचारतो, "डॉक्टर बरे ना?" मी म्हणते, बरे. प्रार्थनेला बसते तेव्हाही तेच तोंडात येतं, बरे आहेत.

जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावं लागेल, कसं ते तुला माहीत. पण त्याच्या पाठीमागे नको. आधी मी तोंडावर सांगणार आहे, पुढच्या शनिवारी, जेवण झाल्यावर. एकटीने सांगितलं तर तो शांतपणे समजावेल आणि मला पटेल. मी स्वतःला ओळखते. म्हणून तू ये. तुला काही बोलायचं नाही, फक्त टेबलाशी बसायचं आहे.

हे पत्र टपालाच्या पिशवीत टाकत नाही, पिशवी हालवरच बांधतो. क्लाराच्या हाती देते आहे. तिने विचारलं नाही कुणाला.

धक्क्यावर तुला विचारतील का आलीस. नवं यंत्र बघायला आले असं सांग, असं वर लिहिलं होतं. ते खोडलं. बहिणीने बोलावलं म्हणून आले, असं सांग.

बोटीला मी स्वतः येते. तुला दिसेपर्यंत तिथेच उभी असेन.

बोर्गिल