ह्यांच्या रक्ताचा टंच

हुपरी,
मार्च १९८५

प्रिय मदिना,

सोलापूरला नांदायला गेल्यापासून तू पत्राला उत्तर द्यायला महिना लावतेस, म्हणून मी रुसून बसले होते. आता रुसवा परवडत नाही. डोक्यात नुसता गोंधळ माजलाय आणि इथं कुणापुढं तो मांडायची सोय नाही. शाळेत एका बाकावर बसून सगळं तुलाच सांगत आले, तेव्हा हेही तूच ऐक.

ह्यांचं बरं चाललंय, म्हणजे वरून तरी. मिरजेला आतड्याची गाठ काढली तेव्हा तू बघायला आली होतीस. तो माणूस आता ओळखणार नाहीस. पुन्हा भट्टीपुढं बसतात, पैंजणाला घुंगरं जोडताना गुणगुणतात. भाकरी तव्यावरून ताटात पडायचा अवकाश की फस्त. डॉक्टरांनी तांबडा रस्सा बंद केलाय, तर शेजारच्यांच्या घरातून वास आला तरी माझ्यावर चिडतात. चिडले की मला बरं वाटतं.

कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, गाठच म्हणतात. तर गाठ काढल्यावर आत कुठं काही राहिलंय का हे कळावं म्हणून कोल्हापूरचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी ह्यांचं रक्त काढतात. ती तपासणी इकडं होत नाही. बाटली बर्फात घालून मुंबईला जाते आणि तिकडून कागदावर एक आकडा येतो. पहिल्यांदा तीन आला, दुसऱ्यांदाही तीनच. डॉक्टर ठीक आहे म्हणाले आणि आम्ही घरी आलो. आकड्याचा अर्थ ना ह्यांनी विचारला ना मी. डॉक्टरांना फार विचारू नये, अशीच आपल्याला सवय.

गेल्या महिन्यात हे एकटेच गेले. डॉक्टर परगावी होते, कंपाउंडरनं पाकीट हातात ठेवलं. आत आकडा होता अकरा. आता जन्मभर चांदीत हात घातलेला माणूस आकड्याचा अर्थ काय लावणार? टंच जितका चढा तितकी चांदी चोख, हे हुपरीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ह्यांनी स्टँडवरच पेढे घेतले आणि दारातूनच ओरडले, अगं ए, तीनाचं अकरा झालं की गं, रगत निवळाय लागलंय. गल्लीत घरोघर पेढे वाटले. दोन मीही खाल्ले.

इथवर सगळं सुखाचं होतं. पण मिरजेला ह्यांच्या शेजारच्या खाटेवर राधानगरीकडचा गुंडू होता, आठवतोय का? म्हशी राखणारा, ढगळ सदऱ्यातला. त्यालाही तीच गाठ, डॉक्टरही तेच. त्याचा आकडा आला दोन. हे कळल्यावर ह्यांनी त्याला घरी बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. गुंड्या, दोनावर कसं चालंल, दूध पी, अंडी खा, आकडा चढीव की लेका. तो बिचारा घरी जाऊन अंथरुणालाच खिळला. त्याची बायको बयाबाई रडत माझ्याकडं आली. म्हणाली, आक्काताई, गोठ्याकडं फिरकत न्हाईत, लेकींना बोलावून घेतलंय, जेवान तर सोडलंच हाय.

मला राहवेना. कोल्हापुरातून साडी बदलून आणते असं सांगून मी डॉक्टरांकडं गेले आणि विचारलं, गुंडूचा आकडा वाढायला काय खायला घालावं? डॉक्टर आधी हसले. मग हे कुणी सांगितलं असं विचारलं, आणि मी सांगत गेले तसं त्यांचं हसू गेलं. तो आकडा पाचाच्या आत असावा लागतो, मदिना. दोन उत्तम. अकरा वाईट.

वाईट म्हणजे किती, तर तेही धड कळलं नाही. आकडा इतर कारणांनीही चढतो म्हणाले. मागच्या खेपेला रक्त घेताना पोट तपासलं तेव्हा हाताला काही लागलं नव्हतं. पण पुन्हा रक्त बघायलाच हवं, आणखी चढला असेल तर परत पोट उघडावं लागेल, आणि वेळेत सापडलं तर काढता येईल. घाबरू नका म्हणाले आणि उशीरही करू नका म्हणाले. धीर दिला की भीती घातली, हे मला गाडीत बसल्यावरही ठरवता येईना.

तशीच गुंडूच्या घरी गेले आणि त्याला मात्र खरं सांगून टाकलं. तो आधी पोटभर हसला, बयाबाईकडं भाकरी मागितली. मग घास हातात तसाच धरून म्हणाला, मग बाळासोचं, तुमच्या मालकांचं? मी मान खाली घातली. त्यानं घास ताटात ठेवला आणि म्हणाला, वैनी, त्यास्नी सांगू नगासा. मी भ्यालोय असंच ऱ्हाऊ द्या. तेव्हापासून दर आठवड्याला गाड्या बदलून येतो, तोंड पाडून भट्टीशेजारी बसतो. हे त्याला शिव्या देतात, धीर देतात, अंडी बांधून देतात. तो गेला की म्हणतात, माझ्यामुळं जगतोय बघ. मी चुलीकडं तोंड करून उभी राहते.

आता शुक्रवारी रक्त द्यायचं आहे आणि हे जायला तयार नाहीत. पास झालेल्या पोरानं परत पेपर का लिवायचा, म्हणतात. खरं सांगितलं तर ही भाकरी, ही झोप, हे गुणगुणणं सगळं जाईल. उद्या आकडा आपोआप उतरला तर मी उगाचच माणूस मोडला असं होईल. आणि नाही सांगितलं तर आत जे काही असेल ते वाढत राहील. सकाळी ठरवते, सांगायचंच. दुपारी ते जेवायला बसले की माझं ठरवणं विरघळतं. कधी कंपाउंडरचा राग येतो, कधी चांदीचा, कधी ह्यांचाच.

तुझा शब्द हे खाली पडू देत नाहीत, म्हणून तूच येऊन त्यांना सांग, असं लिहायला मी बसले होते. पण एवढं लिहून झाल्यावर ते बरोबर वाटेना. तू गुरुवारच्या गाडीनं ये, पण सांगू नकोस. सांगणार मीच, तू फक्त माझ्याजवळ बस. भांडी घासताना ते वाक्य पुटपुटून बघितलं, दर वेळी अर्ध्यावर जीभ अडली. म्हणून आधी ते लिहिता येतं का बघते. अहो, तुमचा आकडा चढलाय, आणि हा चढलेला चांगला नसतो. लिहिलं बघ.

तुझीच,
आक्काताई