नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या गुणाबाईस वेडी न ठरविण्याबाबत

प्रति,
मे. प्रांतसाहेब,
दौऱ्यावरील मुक्काम डोळखांब,
तालुका शहापूर, जिल्हा ठाणे.

अर्जदार : देवजी नवसू विशे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार मौजे करंजपाडा.

विषय : अर्जदाराचे कुटुंब सौ. गुणाबाई हिला येत्या सोमवारी वेड्यांच्या इस्पितळात नेण्याचा हुकूम रद्द होऊन तिला घरीच राहू देण्याविषयी.

संदर्भ : १) गावकऱ्यांची तक्रार, की बाई नवऱ्याचे नाव घेते.
२) चौकशी कारकुनांचा शेरा, की बाई नवऱ्याचे नाव घेत नाही.

महोदय,

१. अर्जदाराने हयातीत अर्ज पुष्कळ लिहिले, पण ते सारे दुसऱ्यांचे. स्वतःसाठी हा पहिलाच. कोठे थांबावे याचा अंदाज चुकल्यास क्षमा असावी.

२. गेल्या माघात, शेत भाजण्याच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडणे चालले असता, एक फांदी गुणाबाईच्या डोक्यात पडली. तिला शहापुरापर्यंत बैलगाडीने व पुढे मोटारीने मोठ्या इस्पितळात नेले. मेंदूला मार बसला होता. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले की आमचे औषध संपले, आता तुम्ही तिच्याशी बोलत राहा. अर्जदार मुळात अबोल. लग्न झाल्यापासून घरातले बोलणे गुणाबाईकडे आणि वाचणे अर्जदाराकडे, अशी वाटणी होती. ती एकाएकी उलटी झाली.

३. दुसरे काही येत नसल्याने अर्जदाराने शाळेचीच रीत धरली. तांब्या दाखवावा, तांब्या म्हणावे. गुणाबाई तांब्याला कोंबडी म्हणे आणि कोंबडीला मामंजी. अर्जदार रागावला नाही. बिगरीच्या वर्गात याहून वाईट उत्तरे येत असत. भाकरी अर्जदार थापू लागला. तिलाही गुणाबाईने कोंबडी म्हटले, ती चूक धरावी की कसे हे अर्जदारास ठरविता आले नाही. विहिरीवरून पाणी आणणे, तिची वेणी घालणे हीही कामे अर्जदाराकडे आली. वेणी बरी जमते. गावातील पुरुषमंडळी कुडाबाहेर उभी राहून पाहत, आणि मास्तरांच्याच डोक्यात फांदी पडली असावी असे आपसात बोलत. अर्जदारासही मधूनमधून तशी शंका येई.

४. तिचा पहिला बरोबर शब्द म्हणजे अर्जदाराचे नाव. एके सकाळी ती अंथरुणातून स्पष्ट म्हणाली, "देवज्या, पानी दे रे." आई गेल्यापासून अर्जदारास या नावाने कोणी हाक मारलेली नव्हती. अर्जदार ओटीवर जाऊन बसला, त्यामुळे पाणी देण्यास विलंब झाला. पुढे ती हाक दिवसभर चाले व विहिरीपर्यंत ऐकू जाई. बायकांना हसू येई, मग त्या कानावर पदर घेत. पोलीस पाटील धोंडी यांचे म्हणणे असे पडले की त्यांच्या घरात दोन नव्या सुना आहेत; आज त्या हे ऐकतील, उद्या त्याही नवऱ्याचे नाव घेतील, आणि परवा सासऱ्याचे. त्यावरून तक्रार रवाना झाली. वेडाचा दुसरा पुरावा तक्रारीत नाही.

५. तक्रार कचेरीत पोहोचून चौकशी निघेपर्यंत भात पेरून, लावून, कापून झाले. तेवढ्या अवधीत गुणाबाई बरी होत गेली. तांब्या तांब्या झाला, कोंबडी कोंबडी झाली. भाद्रपदात एकदा हाक मारताना ती "देव" इथवर येऊन थांबली. डाव्या हाताने पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, "अवो." माणूस घरी परत आल्याचे अर्जदारास तेव्हा कळले. जुन्या हाकेची चुटपुट लागली, परंतु ती दप्तरी घेऊ नये.

६. यानंतर कारकूनसाहेब आले. त्यांनी गुणाबाईस वार विचारला, तिने सांगितला. जिल्ह्याचे कलेक्टर कोण हे तिला सांगता आले नाही. अर्जदारासही आले नाही. मग तिला नवऱ्याचे नाव विचारले. तिने पदर पुढे ओढला. पुन्हा विचारले, तिने मान खाली घातली. आमच्याकडे अशा वेळी शेजारीण नाव सांगते. त्या रीतीने जनाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "देवजी नाव हाय, सायेब. ती कशी घेल?" कारकूनसाहेबांनी आरोपीस पढवू नये अशी त्यांना ताकीद दिली आणि शेरा मारला : 'पतीचे नाव आठवत नाही. पतीकडे पाहून मान खाली घालते. भ्रम कायम.' कारकूनसाहेब परप्रांतीचे व अविवाहित असल्याचे समजते. अर्जदार तेथेच उभा होता. खुलासा करावा असे मनात आले, पण वाक्य जुळेपर्यंत साहेब बांध ओलांडून गेले होते.

७. सबब सद्यःस्थिती अशी : ती नाव घेत होती म्हणून वेडी असे गावाचे म्हणणे, घेत नाही म्हणून वेडी असे सरकारचे. दोन्ही कागद एकाच दोऱ्यात बांधलेले आहेत व त्यांवर एकच हुकूम झाला आहे. नाव घ्यावे तर गाव टिकू देत नाही, न घ्यावे तर सोमवारी गाडी येते. मधला मार्ग अर्जदाराने पुस्तकांत शोधला. अर्जदाराजवळची पुस्तके जुनी आहेत.

८. अखेर अर्जदाराने काल गुणाबाईसच विनविले, की साहेबांपुढे एकदाच नाव घे, गाव ऐकणार नाही अशी व्यवस्था करू. भाकरी आता तीच डाव्या हाताने थापते. ती थापता थापता थांबली. "तुमी म्हनलात बरी हो, झाले बरी. आता सायबासाठी परत येडी होऊ?" याचे उत्तर साहेबांस सुचल्यास कळविण्याची कृपा व्हावी.

९. तरी गुणाबाईची फेरतपासणी व्हावी, आणि नाव सोडून दुसरे काहीही विचारावे. ते शक्य नसल्यास अर्जदाराचीही तपासणी व्हावी. अर्जदाराने आपल्या कुटुंबाचे नाव आजवर तोंडाने घेतलेले नाही. या अर्जात ते लिहिले, तेही दर वेळी टाक थांबवून. साहेबांनी विचारल्यास अर्जदारही मान खाली घालील, म्हणजे त्याच नियमाने तोही भ्रमिष्ट ठरतो. मग सोमवारच्या गाडीत त्याचीही जागा धरावी. अर्जदार तेथे कोणास त्रास देणार नाही. इस्पितळात तिला पुकारतील ते हजेरीपटावरच्या नावाने. घरात ती फक्त "अगो" या हाकेला ओ देते, आणि अर्जदार बरोबर नसल्यास ती हाक मारणारे तेथे कोणी नसेल.

आपणांस नाइलाजाने तसदी देणारा, आपला नम्र,
देवजी नवसू विशे

मौजे करंजपाडा, ता. ९ डिसेंबर १९५८

सोबत : तक्रारीची नक्कल, शेऱ्याची नक्कल, डॉक्टरांची चिठ्ठी.

सौ. गुणाबाई हिचा डाव्या अंगठ्याचा ठसा. अर्ज तिचे नाव गाळून वाचून दाखविला. ऐकून मान्य. फक्त अर्जदाराचे नाव आले तेथे "ता ऱ्हाव द्या, फुडं वाचा" असे म्हणाली.