वेदूनं मारलेली गाठ

नालासोपारा, ४ जून

आये, तुझ्या आणि तात्यांच्या पाया पडतो.

आम्ही सुखरूप पोचलो. वेदूला बालवाडीचा गणवेश आखूड झाला. दोन महिने तुझ्याकडं राहून पोर चांगली बोटभर वाढली. गावाला सोडली तेव्हा फ्रॉकचा बंदसुद्धा आम्हीच बांधायचो.

काल तिनं टॉवेलात दोन फ्रॉक आणि बाहुली बांधून गाठोडं दाराशी ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "डोंगर खाली आला तर घेऊन पळायचं. आजीपण ठेवते." मी म्हटलं, इथं डोंगर नाय गो. तर म्हणाली, "असू दे." गाठ इतकी पक्की, मला सुटली नाय.

चार वर्षांच्या पोरीला हे कशाला शिकवलंस, म्हणून आधी तुझा रागच आला. मग वाटलं, तू शिकवलं नसशील, तिनं बघितलं असेल. तळीयेची दरड पडल्यापासून तूपण गाठोडं बांधून दाराशी ठेवतेस ना? फोनवर मला मात्र "सगळं बरं हाय" एवढंच.

तात्यांचा गुडघा कसा हाय? एसटीत चढवेल ना? पाऊस लागायच्या आत दोघं इकडं या.

येताना तांदूळ, कोकम काय आणू नको. दाराशी बांधलेलं हाय, तेवढं घेऊन ये.

तुझा,
नितेश